मॉडफ्लो ६ : भूजलातल्या किरणोत्सारी कचऱ्याचा माग काढणारे मोफत सॉफ्टवेअर

किरणोत्सारी कचरा जमिनीत पुरला किंवा चुकून झिरपला, तर त्यातले काय, किती आणि किती वर्षांनी जवळच्या विहिरीत अथवा नदीत उतरेल, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते आणि ते आकडे कोणीतरी परक्या माणसाने तपासायचे असतात. या कामासाठी लाखो रुपयांचा परवाना घ्यावा लागणारी सॉफ्टवेअरे आहेत, प्रयोगशाळांनी स्वतःपुरती लिहिलेली आहेत, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे, म्हणजे यूएसजीएसचे, मॉडफ्लो ६ आहे, जे कोणालाही संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते आणि ज्याचा मूळ कोडही वाचता येतो. भूजलाची मॉडेले करणे आणि शिकवणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे मॉडफ्लोच्या आधीच्या आवृत्त्या मी भरपूर वापरल्या होत्या. सहावी आवृत्ती मात्र मुख्यतः किरणोत्सारी द्रव्यांच्या वहनाचे गणित शिकवण्यासाठी हाती घेतली. हा अभिप्राय त्या एवढ्याच उपयोगापुरता आहे. सिंचन, पुनर्भरण किंवा विहिरींमधील अंतर यांसाठी हे सॉफ्टवेअर कसे आहे, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मॉडफ्लो पहिल्यांदा १९८४ साली आले आणि त्याचे काम पाणी कुठून कुठे वाहते एवढेच सांगण्याचे होते. पाण्यात विरघळलेल्या द्रव्याचे काय होते, हे पाहण्यासाठी १९९० नंतर एमटी३डी नावाचा वेगळा प्रोग्राम वापरला जाई, आणि एका प्रोग्रामची फाइल दुसऱ्याला वाचायला देण्याच्या खटाटोपात निम्मा दिवस जात असे. मॉडफ्लो ६ हे २०१७ साली नव्याने लिहून काढलेले रूप आहे आणि २०२० पासून त्यात वहनाचे मॉडेलही आतच बसवलेले आहे. त्यामुळे प्रवाह आणि प्रदूषक दोन्ही एकाच धावेत, म्हणजे सॉफ्टवेअर एकदाच चालवून, सोडवता येतात. हवे असल्यास प्रवाहाचे उत्तर एकदाच काढून ठेवून त्यावर निरनिराळी द्रव्ये सोडून पाहता येतात. किरणोत्सारी कचऱ्याच्या कामात ही दुसरी सोय फार मोलाची ठरते, कारण पाणी एकच असते आणि त्यातून जाणारे ट्रिशियम, स्ट्रॉन्शियम, टेक्निशियम हे प्रवासी मात्र प्रत्येक जण आपापल्या चालीने जातात.

सॉफ्टवेअर पारखायचे तर ज्याचे खरे उत्तर पुढे कळून चुकले आहे असे ठिकाण निवडावे. मी हॅनफर्ड निवडले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी १९४३ साली उभारलेल्या या केंद्रात अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार होत असे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम इथलेच होते. तिथल्या नऊ अणुभट्ट्यांपैकी शेवटची, एन रिॲक्टर, १९६३ पासून १९८७ पर्यंत चालली आणि तिच्या शीतनाचे दूषित पाणी नदीकाठाजवळ खणलेल्या लांब चरांमध्ये सोडले जाई. मातीचे कण किरणोत्सारी द्रव्ये धरून ठेवतील आणि पाणी गाळून नदीला मिळेल, असा त्यामागचा हिशेब होता. तो निम्मा खरा ठरला. स्ट्रॉन्शियम-९० मातीने धरले, पण सोडलेल्या पाण्याच्या प्रचंड भाराने त्याला हळूहळू पुढे ढकलत नेले आणि ते काठावरच्या झऱ्यांमध्ये दिसू लागले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील स्ट्रॉन्शियम-९० ची मर्यादा दर लिटरला ८ पिकोक्युरी, म्हणजे साधारण ०.३ बेकरेल (दोन्ही किरणोत्सार मोजायची एकके) एवढी बारीक आहे. इतक्या बारीक मर्यादेपुढे ‘मातीने बहुतेक धरले’ हे उत्तर पुरत नाही.

मी हॅनफर्डचे हुबेहूब मॉडेल केले नाही. त्यासाठी लागणारी माहिती आणि माणसे एका मास्तराजवळ नसतात. मी केला तो एक सरळ पट्टा : चर एका टोकाला, नदी शंभर मीटरवर, मध्ये वाळू आणि गोटे. पाण्याचा वेग दिवसाला ०.३ मीटर, सच्छिद्रता ०.३, मातीची घनता दर घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅम, आणि स्ट्रॉन्शियमचा वितरण गुणांक, ज्याला या धंद्यातले सगळे नुसते ‘केडी’ म्हणतात, दर ग्रॅमला १५ मिलिलिटर. केडी म्हणजे मातीच्या कणांवर चिकटलेले द्रव्य आणि पाण्यात राहिलेले द्रव्य यांचे प्रमाण. यावरून किती पटीने उशीर होतो ते काढायचे सूत्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात असते : घनतेला सच्छिद्रतेने भागा, केडीने गुणा, एक मिळवा. येथे उत्तर ९१ येते. पाणी वर्षाला सुमारे ११० मीटर जात असताना स्ट्रॉन्शियम सव्वा मीटरसुद्धा जात नाही, शंभर मीटरला त्याला ८३ वर्षे लागतात, आणि २८.८ वर्षांच्या अर्धायुष्याने, म्हणजे दर २८.८ वर्षांनी निम्मे होत, तोवर त्यातले सुमारे साडेतेरा टक्के उरते. त्याच वाटेने जाणारे ट्रिशियम मातीला अजिबात चिकटत नाही; ते अकरा महिन्यांत नदीवर पोहोचते आणि वाटेत जेमतेम पाच टक्के घटते. हे सगळे कागदावर पाच मिनिटांत होते. सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा अशी, की असे सोपे गणित त्याने चुकवू नये, आणि मॉडफ्लो ६ ने ते चुकवले नाही.

इनपुट देण्याची पद्धत मला फार आवडली. जुन्या मॉडफ्लोमध्ये आकडे ठरावीक रकान्यांत बसवावे लागत आणि एक रकाना सरकला तर तीनशे मीटरची विहीर तीन मीटरची होई. आता प्रत्येक फाइल साध्या मजकुराची असते, ‘बिगिन’ने सुरू होणारे आणि ‘एंड’ने संपणारे ठोकळे असतात, आणि प्रत्येक आकड्याआधी त्याचे नाव लिहिलेले असते. वहनाच्या मॉडेलमध्ये किरणोत्साराचे सगळे मर्म एमएसटी नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये येते : सच्छिद्रता, घनता, केडी, पाण्यातल्या द्रव्याच्या ऱ्हासाचा दर आणि कणांवरच्या द्रव्याच्या ऱ्हासाचा दर. फाइल पाच-सात मिनिटांत लिहून होते. शेजारी बसलेला माणूस ती नुसती वाचून तुमचे मॉडेल काय गृहीत धरते ते सांगू शकतो, आणि ज्याला दुसऱ्याचे मॉडेल तपासावे लागते त्यालाच या सोयीची किंमत कळेल.

धाव संपली की सॉफ्टवेअर एक लांबलचक नोंदफाइल लिहून देते आणि तिच्या शेवटी द्रव्याचा जमाखर्च असतो. नवशिक्यांची नजर रंगीत नकाशाकडे जाते, माझी आधी या जमाखर्चाकडे. त्यात ऱ्हासाच्या दोन वेगळ्या ओळी असतात, एक पाण्यातल्या द्रव्याच्या ऱ्हासाची आणि एक कणांना चिकटलेल्याची. माझ्या पट्ट्यात दुसऱ्या ओळीचा आकडा पहिलीच्या नव्वदपट होता. तो तसाच असायला हवा, कारण दर ९१ अणूंपैकी नव्वद मातीवर बसलेले आहेत आणि पाण्यात फक्त एक आहे. पण हा आकडा छापील स्वरूपात समोर आला, तेव्हा हॅनफर्डला पुढे काय घडले ते मला नीट उमगले. तिथे १९९५ पासून विहिरींतून पाणी उपसून, गाळून, परत जमिनीत सोडण्याची यंत्रणा बसवली होती आणि २००६ साली ती थांबवण्यात आली. त्या काळात पंपांनी जेवढे स्ट्रॉन्शियम बाहेर काढले, त्याच्या कैक पट निव्वळ किरणोत्सारी ऱ्हासाने जागच्या जागी संपले. उपसलेल्या पाण्यात एक्क्याण्णवांतला एकच वाटा असेल, तर दुसरे होणार काय? पुढे तिथे नदीकाठाला समांतर सुमारे तीनशे फूट लांबीच्या पट्ट्यात असे द्रावण टोचण्यात आले, की जमिनीतच ॲपेटाइट हे खनिज तयार व्हावे, त्यातील कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम शिरावे आणि तिथेच अडकून संपावे. पैसे खर्च होण्याआधी कोणी हा दोन ओळींचा जमाखर्च मांडला असता, तर पंपांची ऑर्डर देताना हात थोडा आखडला असता, असे मला वाटते.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती या सॉफ्टवेअरच्या स्वभावाशी जोडलेली आहे. मॉडफ्लो ६ ला एककांशी फारसे देणेघेणे नसते. तुम्ही मीटर म्हणा की फूट, दिवस म्हणा की वर्ष, ते निमूटपणे गुणाकार-भागाकार करत राहते. मी प्रवाहाचे मॉडेल दिवसांत केले होते आणि ऱ्हासाचा दर काढताना ०.६९३ ला २८.८ ने भागून आलेला ०.०२४१ हा आकडा जसाच्या तसा फाइलमध्ये टाकला. तो दर वर्षाचा होता. दिवसांच्या मॉडेलमध्ये त्याचा अर्थ असा झाला, की स्ट्रॉन्शियमचे अर्धायुष्य २८.८ दिवस आहे. धाव व्यवस्थित पार पडली, जमाखर्च तंतोतंत जुळला, आणि नदीवर स्ट्रॉन्शियम अजिबात पोहोचत नाही असे सुंदर उत्तर मिळाले. ते मी वर्गात दाखवलेसुद्धा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की सर, ८३ वर्षांत तीन अर्धायुष्येही होत नाहीत, मग एवढे सगळे गेले कुठे? सॉफ्टवेअरने मला सावध केले नाही आणि त्याने करावे अशी अपेक्षाही नाही. तरी ज्याला हे हाताळायचे असेल त्याने प्रत्येक दर दोनदा लिहावा, एकदा वर्षात आणि एकदा दिवसात, आणि ती नोंद फाइलमध्येच टीप म्हणून ठेवावी. फाइलमध्ये अशा टिपा लिहिता येतात.

याहून फसवा सापळा कणांवरच्या ऱ्हासाच्या दरात आहे. अधिशोषण, म्हणजे द्रव्याचे कणांना चिकटणे, आणि ऱ्हास दोन्ही चालू केले आणि हा दुसरा दर द्यायला विसरलात, तर मॉडफ्लो ६ चूक दाखवून थांबते, आणि हे त्याने फार चांगले केले आहे. पण तिथे शून्य लिहिले तर ते निमूट स्वीकारते, कारण जिवाणूंनी खाल्ल्या जाणाऱ्या रासायनिक प्रदूषकांच्या बाबतीत कणाला चिकटलेले द्रव्य वाचते असे मानणे काही वेळा रास्त असते. किरणोत्सारी अणूला तो पाण्यात आहे की मातीवर, याच्याशी काही घेणे नसते. दोन्ही दर सारखेच हवेत. माझ्या पट्ट्यात शून्य टाकून पाहिले, तेव्हा स्ट्रॉन्शियमचे परिणामी अर्धायुष्य २८.८ वर्षांवरून २,६०० वर्षांच्या वर गेले. चूक सुरक्षित बाजूला झाली असे कोणी म्हणेल, पण अशा चुकीवर कोणी शेकडो कोटींची भिंत बांधायला सांगू शकतो.

गणितासाठी जमिनीचे लहान तुकडे, म्हणजे सेल, पाडून जी ग्रिड करतात, तिच्या बाबतीत सॉफ्टवेअर पूर्वीपेक्षा खूपच लवचीक झाले आहे. चौकोनी सेलच हवेत असे राहिले नाही, चराजवळ बारीक आणि दूर मोठे सेल करता येतात. तरीही वहनाच्या गणिताचा जुना आजार तसाच आहे : सेल मोठे असतील आणि साधी, मागच्या सेलकडे पाहणारी पद्धत निवडली असेल, तर गणित स्वतःच द्रव्याला पसरवते. पट्ट्याचे वीस-वीस मीटरचे पाच सेल करून पाहिले, तर नदीवर साडेअठरा टक्के स्ट्रॉन्शियम पोहोचते. सेल बारीक करून खरे पसरण एक मीटरच्या आसपास ठेवले, तर ते चौदा टक्क्यांवर येते. फरक सेलचा आहे, जमिनीचा नाही. टीव्हीडी नावाची पद्धत निवडली तर हा दोष बराच कमी होतो, तेव्हा शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तीच निवडावी.

इथवरचा माझा अभिप्राय बहुतेक कौतुकाचाच आहे. खरी अडचण सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे, ती म्हणजे केडी. माझ्या पट्ट्यात केडी पंधराच्या जागी पाच घेतला, तर स्ट्रॉन्शियम २८ वर्षांत नदी गाठते आणि निम्मे उरते. पंचवीस घेतला, तर १३८ वर्षे लागतात आणि चार टक्केही उरत नाही. पाच आणि पंचवीस हे दोन्ही आकडे एकाच खोदकामातल्या दोन नमुन्यांतून येऊ शकतात. फ्लोपाय नावाचे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जोडसाधन, तेही मोफत, वापरून मी अशा पाचशे धावा एका दुपारी माझ्या साध्या लॅपटॉपवर काढल्या आणि एका आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा मिळवला. असे करणे इतके सोपे झाले आहे, की आता एकच केडी घेऊन एकच रेघ काढलेला अहवाल मला कोणी दाखवला तर मी तो पुढे वाचत नाही.

पण पाचशे धावा काढूनही एक चूक सुटत नाही, आणि तिचा धडा पुन्हा हॅनफर्डनेच दिला आहे. त्या केंद्राच्या दक्षिण टोकाला, ‘३०० एरिया’ म्हणतात त्या भागात, अणुइंधन बनवण्याचे काम चालत असे आणि तिथले युरेनियम भूजलात उतरले होते. युरेनियमचा स्रोत काढून टाकल्यावर उरलेले पाण्याबरोबर आपोआप वाहून जाईल आणि तीन ते दहा वर्षांत पातळी मर्यादेखाली येईल, असे भाकीत करून १९९६ साली फार काही न करता वाट पाहण्याचा निर्णय झाला. दहा वर्षे उलटली, युरेनियम होते तिथेच होते. कारण असे निघाले, की वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने कोलंबियाची पातळी वरखाली होते, नदी फुगली की भूजलही वर चढते, कोरड्या थरात अडकलेले युरेनियम धुऊन घेते आणि उतरताना खाली आणते. शिवाय नदीचे आणि भूजलाचे पाणी रासायनिकदृष्ट्या निराळे आहे. पाण्यात कार्बोनेट किती आहे यावर युरेनियम मातीला चिकटते की सुटते ते ठरते, त्यामुळे युरेनियमचा केडी हा एक आकडा नसून ऋतूबरोबर बदलणारी गोष्ट आहे. पुढे तिथे पॉलिफॉस्फेट टोचून युरेनियम बांधून ठेवावे लागले. आता मॉडफ्लो ६ मध्ये रेषीय, फ्रॉइंडलिश आणि लँगम्युअर अशा तीन प्रकारे अधिशोषण सांगता येते, पण तिन्हींमध्ये पाण्याच्या रसायनाला जागा नाही. स्थिर केडीने धावा पाच घ्या की पाच हजार, त्या सगळ्या मिळून एकच चुकीची गोष्ट फार आत्मविश्वासाने सांगतील. युरेनियमसाठी रसायनशास्त्र जाणणारे साधन जोडावेच लागते, आणि यूएसजीएसचेच फ्रीक नावाचे मोफत साधन त्यासाठी आहे. दोन्हींची सांगड घालणे मात्र नवशिक्याचे काम नाही.

इतर उणिवा थोडक्यात. एका वहन-मॉडेलमध्ये एकच द्रव्य सोडता येते आणि दोन मॉडेलांमधली द्रव्ये एकमेकांत बदलू शकत नाहीत. त्यामुळे प्लुटोनियम-२४१ मधून अमेरिशियम-२४१ आणि त्यातून नेप्च्युनियम-२३७, अशी जनकातून संतती निर्माण होण्याची साखळी मांडायची तर वेगळा कोड लिहावा लागतो. स्ट्रॉन्शियम, सिझियम, ट्रिशियम, टेक्निशियम यांच्यापुरते हे अडत नाही. दीर्घायुषी कचऱ्याच्या कामात अडते. दुसरे म्हणजे असंपृक्त थर. भूजलाच्या वरच्या कोरड्या मातीतून पाणी फक्त उभे खाली जाते असे या सॉफ्टवेअरचा त्यासाठीचा भाग धरून चालतो. हॅनफर्डच्या भूमिगत टाक्या, एकूण १७७, ज्या मातीत आहेत तिथे बारीक कणांच्या थरांवरून द्रव आडवा सरकतो, आणि म्हणूनच तिथल्या थरांसाठी पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेचे स्टॉम्प हे वेगळे सॉफ्टवेअर वापरतात.

तिसरी उणीव सगळ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरांची आहे. नेवाडाच्या पाहुट मेसावर १९६८ च्या डिसेंबरात ‘बेनहॅम’ नावाचा भूमिगत अणुस्फोट झाला. प्लुटोनियमचा केडी इतका मोठा मानला जातो, की ते जागचे हलणार नाही असेच कोणतेही मॉडेल म्हणेल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते १.३ किलोमीटर दूरच्या विहिरीत सापडले, आणि त्याच्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, प्रमाणावरून ते बेनहॅमचेच आहे हे ओळखता आले. ते पाण्यात विरघळून गेले नव्हते. कलिलाच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या, अतिसूक्ष्म कणांवर बसून गेले होते. माती आणि पाणी असे दोनच डबे असलेल्या मॉडेलमध्ये या तिसऱ्या वाहनाला जागाच नाही. मात्रा अत्यल्प होती हे खरे, पण ‘हलणार नाही’ आणि ‘थोडे हलले’ यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे.

मराठी वाचकाला साहजिकच तारापूरची आठवण येईल. तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होते आणि कमी व मध्यम पातळीचा घन कचरा आवारातच, भूपृष्ठालगत, काँक्रीटच्या चरांमध्ये आणि नळीसारख्या खोल खड्ड्यांमध्ये ठेवला जातो. आपल्याकडचा बेसॉल्ट म्हणजे हॅनफर्डची वाळू नव्हे. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच लालसर मातकट थर, आणि पाणी चालते ते भेगांतून. अशा खडकाला वाळूसारखे सलग सच्छिद्र मानून मॉडफ्लो ६ चालवता येते आणि मोठ्या क्षेत्रावर ते बऱ्यापैकी खपूनही जाते. पण शंभर मीटरच्या अंतरावर एकच मोठी भेग सगळा हिशेब मोडते. सॉफ्टवेअरमध्ये आयएसटी नावाची सोय आहे, जिच्यात वाहते पाणी एका कप्प्यात आणि खडकाच्या अंगात साचलेले पाणी दुसऱ्या कप्प्यात धरून दोघांमध्ये देवघेव दाखवता येते. बेसॉल्टसाठी ती मला सर्वांत उपयोगी वाटली, मात्र देवघेवीचा दर कुठून आणायचा हा प्रश्न उरतोच. तो क्षेत्रावर रंगद्रव्य किंवा मीठ सोडून मोजावा लागतो आणि तितका वेळ नि पैसा सहसा कोणी देत नाही.

विकत घेण्यासारखे काही नसल्यामुळे किमतीची चर्चा नको, पण श्रमाची हवी. हे सॉफ्टवेअर केवळ आज्ञेवर चालते, स्वतःचा पडदा त्याला नाही. यूएसजीएसनेच दिलेले मॉडेलम्यूज हे मोफत साधन विंडोजवर घेतले तर नकाशावर विहिरी नि चर काढून फाइली तयार करता येतात. ज्याला पायथन येते त्याने थेट फ्लोपाय घ्यावे, कारण सगळे मॉडेल एकाच पायथन प्रोग्राममध्ये राहते आणि सहा महिन्यांनी आपलेच काम आपल्याला कळते. मार्गदर्शिका शेकडो पानांची, इंग्रजीत आहे, पण प्रत्येक शब्दाची व्याख्या चोख दिलेली आहे आणि सोबतच्या सोडवलेल्या उदाहरणांचा संग्रह तर मला पुस्तकापेक्षाही उपयोगी पडला. उत्तर पाण्यातल्या द्रव्याच्या सांद्रतेवर येऊन थांबते, माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेपर्यंत (ती मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात) जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. ते पुढचे गणित हातानेच करायचे : लिटरला एक बेकरेल स्ट्रॉन्शियम-९० असलेले पाणी रोज दोन लिटर वर्षभर प्यायले, तर प्रौढाला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळते, आणि आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची सामान्य नागरिकासाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

तारे द्यायचेच झाले तर ट्रिशियम, टेक्निशियम आणि स्ट्रॉन्शियमसाठी पाचपैकी साडेचार, युरेनियमसाठी दोन. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने प्रबंधासोबत मॉडफ्लोच्या सगळ्या इनपुट फाइली परीक्षकांना आधीच पाठवल्या होत्या, कारण समोरच्यालाही सॉफ्टवेअर फुकटच मिळते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी रंगीत नकाशे उघडलेच नाहीत. एमएसटीची फाइल समोर ठेवून त्यांनी विचारले, की हा केडीचा नमुना कोणत्या खोलीवरून घेतला, आणि तो घेतला तेव्हा नदी चढलेली होती की उतरलेली.